गंभीर अ‍ॅलर्जी: कशी ओळखावी आणि पहिल्या काही मिनिटांत काय करावे

अंगाला खाज सुटली, चार गांधी उठल्या, गोळी घेतली आणि तासाभरात उतरल्या, अशी अ‍ॅलर्जी बहुतेकांनी पाहिलेली असते. जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस. तिची सुरुवात कित्येकदा हुबेहूब अशीच होते, म्हणून माणसं गोळी देऊन वाट बघत बसतात. तिच्यावर पहिलं औषध एकच आहे: अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या स्नायूत, लवकरात लवकर. बाकी सगळे उपचार त्यानंतर.

आधी ओळखा

दाणे, सुकामेवा, दूध, अंडी, मासे, कोळंबी, मधमाशी किंवा गांधीलमाशीचा डंख, प्रतिजैविकं, वेदनाशामकं, तपासणीआधी शिरेतून देतात ते रंगद्रव्य ही नेहमीची कारणं. त्रास बहुधा काही मिनिटांत सुरू होतो, अन्नामुळे असेल तर दोन तासांपर्यंतही लागू शकतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दगावलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांचं हृदय किंवा श्वास थांबायला औषधाच्या बाबतीत साधारण ५ मिनिटं, डंखात १५ आणि अन्नात ३० मिनिटं लागली होती. हातात वेळ किती असतो, ते यावरून समजावं.

शरीरात घडतं असं. संरक्षण यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू ठरवते आणि मास्ट पेशी (याच यंत्रणेतल्या पेशी) हिस्टामिनसह बरीच रसायनं एकदम सोडतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतला द्रव बाहेर झिरपतो, रक्तदाब कोसळतो. श्वासनलिका आवळतात, घसा सुजतो. म्हणून लक्षणं चार ठिकाणी शोधायची:

- त्वचा: गांधी, खाज, लाली, ओठ-पापण्या-जीभ सुजणं
- श्वास: आवाज घोगरा होणं, घशात काही अडकल्यासारखं वाटणं, धाप, छातीतून शिट्टीसारखा आवाज
- रक्ताभिसरण: घेरी, पांढरं पडणं, अंग गार आणि घामेजलेलं, नाडी क्षीण, शुद्ध हरपणं
- पोट: कळा, वारंवार उलट्या, जुलाब

त्वचेच्या लक्षणांबरोबर श्वासाचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असेल, किंवा पोटाचा त्रास जोरात असेल, तर ते अ‍ॅनाफिलॅक्सिस समजा. ज्याची अ‍ॅलर्जी आहे तो पदार्थ पोटात गेला आणि धाप लागली किंवा घेरी आली, तर अंगावर एकही गांधी नसली तरी तेच समजा. दहातल्या एक-दोन रुग्णांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही, आणि नेमके तेच नजरेतून सुटतात.

बोलण्याकडे कान द्या. एक वाक्य पुरं करताना मध्येच श्वास घ्यावा लागतोय का? आवाज बदललाय का? लहान मूल ‘घसा आवळतोय’ असं सांगणार नाही. ते जिभेवरून हात फिरवेल, सारखं खाकरेल, त्याची लाळ गळेल, रडण्याचा आवाज बसेल. खेळणारं मूल अचानक गप्प आणि मलूल झालं, तर ते दमलंय म्हणून निजवू नका.

घाबरल्यानेही धाप लागते, पण त्याने गांधी उठत नाहीत आणि ओठ सुजत नाहीत. इंजेक्शन पाहून चक्कर येणाऱ्याची नाडी सहसा मंद असते, आणि आडवं केल्यावर तो लवकर सावरतो. तरीही ठरत नसेल, तर अ‍ॅड्रेनालिन द्यावं. एरवी धडधाकट माणसाला स्नायूत योग्य मात्रेत दिलेल्या या औषधाने धडधडतं, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो आणि थोड्या वेळात सगळं ओसरतं. उशीर झाला तर मात्र रुग्ण पूर्वपदावर येतोच असं नाही.

‘मागच्या वेळी खाल्लं तेव्हा काहीच झालं नव्हतं’ हा दिलासा धरू नका. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये हेच दाखवलं. समुद्रपुष्प (सी अ‍ॅनिमोन) या सागरी जिवाचं विष पहिल्यांदा पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या लहानशा मात्रेने थोड्याच वेळात दगावला. याच कामासाठी रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं.

अ‍ॅड्रेनालिन द्या

ज्यांना धोका आहे त्यांच्याजवळ बऱ्याचदा तयार मात्रेचं पेन, म्हणजे पेनच्या आकाराचं इंजेक्शन असतं, साधारणपणे मुलांसाठी ०.१५ आणि मोठ्यांसाठी ०.३ मिलिग्रॅमचं. जागा म्हणजे मांडीची बाहेरची बाजू, कंबर आणि गुडघा यांच्या मधोमध. तिथला स्नायू मोठा असतो आणि त्यातून औषध रक्तात लवकर पोचतं. कपडे काढत बसू नका, साध्या कापडातून सुई जाते. फक्त त्या जागी खिसा किंवा जाड शिवण नको. पेन मुठीत धरा आणि दोन्ही टोकांवरून अंगठा बाजूला ठेवा, कारण उलटं धरलेल्या पेनची सुई अंगठ्यात घुसण्याच्या घटना घडतात. सुरक्षेचं टोपण काढा, सुईचं टोक मांडीवर काटकोनात जोराने दाबा आणि पेनवर लिहिलेत तेवढे सेकंद, ३ ते १०, तसंच दाबून धरा. मूल असेल तर आधी त्याचा पाय घट्ट धरा, नाहीतर पाय झटकल्याने सुईने जखम होते. दिल्याची वेळ लिहून ठेवा.

आडवं करा आणि उठू देऊ नका

दुसऱ्या कोणाला त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायला सांगा आणि फोनवर ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ हाच शब्द वापरा. रुग्णाला पाठीवर झोपवून पाय उंच करा. धाप फार असेल तर पाय पसरून बसवा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर वळवा. बेशुद्ध असून श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवा.

बरं वाटायला लागलं की रुग्ण उठू पाहतो, तोंड धुवायला, गाडीपर्यंत चालत जायला. उठू देऊ नका. रक्तवाहिन्या सैल असताना अचानक उभं राहिलं की हृदयाकडे रक्तच परतत नाही, आणि काही जण त्या क्षणी दगावले आहेत. स्ट्रेचर येऊ द्या.

मधमाशीची नांगी रुतली असेल तर मिळेल तशी चटकन काढा. सलाईनमधून औषध चालू असेल तर ते थांबवायला लावा. उलटी काढायला लावू नका, पाणी पाजू नका.

पाच मिनिटांत फरक नाही? दुसरं पेन, शक्यतो दुसऱ्या मांडीत. श्वास थांबला तर छातीवर दाब देणं सुरू करा.

अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते, तीही बऱ्याच वेळाने. सुजलेला घसा ती उघडत नाही, रक्तदाब सावरत नाही. दम्याचा पंप अ‍ॅड्रेनालिननंतर जरूर द्या, त्याऐवजी नाही. पेन जवळ नसेल तर गोळीची वाट बघण्यात वेळ दवडू नका. जिथे हे इंजेक्शन मिळेल अशा जवळच्या ठिकाणी झोपवून न्या.

रुग्णालयात काय होतं

तिथेही सुरुवात मांडीतल्या अ‍ॅड्रेनालिननेच होते. मात्रा दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला एका वेळी जास्तीत जास्त ०.५. एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरची कुपी वापरली तर हे अर्धा मिलिलिटर होतं. हेच औषध सरळ शिरेत ढकललं तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून तो मार्ग अनुभवी डॉक्टर आणि मॉनिटर हजर असेल तेव्हाच. सोबत प्राणवायू आणि भराभर सलाईन. दोन मात्रांनंतरही फरक पडला नाही तर शिरेतून मोजून, सतत अ‍ॅड्रेनालिन सुरू करतात. रुग्ण बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकाराच्या काही गोळ्या) घेत असेल तर अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम कमी होतो, अशा वेळी ग्लुकागॉन हे दुसरं औषध कामी येतं. म्हणून चालू गोळ्यांची नावं न विसरता सांगा. स्टिरॉइडचा असर व्हायला काही तास लागतात, त्यामुळे त्याच्यावर विसंबून चालत नाही.

काहींना पुन्हा काही न खाता, डंख न होता दुसरा झटका येतो, बहुधा पहिल्या काही तासांत, क्वचित ७२ तासांपर्यंत. त्यामुळे बरं वाटत असलं तरी डॉक्टर थांबा म्हणतील तेवढं थांबा. निदानाबद्दल शंका असेल तर ट्रिप्टेज ही रक्तचाचणी पहिल्या काही तासांतच करावी लागते.

घरी जाताना

दोन पेनं, लिहून दिलेली कृती आणि अ‍ॅलर्जी तज्ज्ञाची वेळ, हे घेतल्याशिवाय निघू नका. दोन्ही पेनं माणसाबरोबर फिरली पाहिजेत, मग तो शाळेत असो की प्रवासात. ती फ्रीजमध्ये नकोत आणि उन्हात उभ्या गाडीतही नकोत. औषध दिसण्याची खिडकी असेल तर अधूनमधून बघा. ते गढूळ किंवा तपकिरी दिसलं, की मुदत बाकी असली तरी पेन बदला. सरावासाठी सुई नसलेलं पेन मिळतं. ते घरातल्या प्रत्येकाने, आजी-आजोबांनीही, स्वतःच्या मांडीवर दाबून बघावं.