ट्रकला युरिया भरताय? मग गाडी बंद करायलाही शिका

डिझेल कितीही चांगलं भरा, धुरात नायट्रोजन ऑक्साइड हा विषारी वायू होणारच. त्यातला नायट्रोजन डिझेलमधला नसतोच मुळी. सिलिंडरच्या आगीत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनला चिकटतो. म्हणून एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण नियमांत बसणाऱ्या ट्रकना निळ्या झाकणाची दुसरी टाकी आली. तिच्यातला युरिया गरम धुरात फवारला की अमोनिया होतो आणि कॅटलिस्टवर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या थरावर, त्या विषारी वायूचा साधा नायट्रोजन नि वाफ होते.

या युरियाची बकेट सीलबंद घ्या, आयएसओ २२२४१ लिहिलेली. सावलीत ठेवा.

खताचा युरिया बादलीत घोळून ‘तेच तर आहे’ म्हणणाऱ्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका. त्या टाकीत भरायच्या द्रावणात, म्हणजे डीईएफमध्ये, ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. खताच्या दाण्यावर कडुनिंबाचं तेल असतं, शिवाय तो सरकारी अनुदानाचा माल.

युरियाचं नरसाळं वेगळं ठेवा. चुकून डिझेल युरियाच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका. आधी टाकी रिकामी करून धुवून घ्या.

आता गाडी बंद करणं. इथे मी चांगलाच आपटलो आहे. एका गाडीचा युरिया फवारणारा इंजेक्टर पांढऱ्या खड्यांनी पुन्हा पुन्हा बुजायचा. तीनदा साफ केला, युरिया बदलला, विकणाऱ्याशी भांडलो. एका रात्री यार्डात उभा होतो. ड्रायव्हरनं चावी काढली आणि उतरता उतरता बॅटरीचा करंट तोडणारा कटऑफ पाडला. विचारलं तर म्हणाला, “शेठ, तुम्हीच सांगितलंत ना, आग लागू नये म्हणून गाडी लावली की लगेच कटऑफ!”

खरंच, मीच सांगितलं होतं.

चावी बंद झाल्यावर युरियाचा पंप लगेच थांबत नाही. लाइनमधला उरलेला युरिया तो टाकीत परत ओढतो. टाकीशी कान लावा, बारीक घरघर ऐकू येते. मध्येच करंट तोडला की युरिया नळीत आणि नोझलवरच राहतो, पाणी उडून जातं, खडा उरतो. म्हणून घरघर थांबेपर्यंत कटऑफला हात लावायचा नाही. किती वेळ, ते गाडीच्या पुस्तकात असतं. आम्ही सरसकट पाच मिनिटं धरतो. तोवर टायर बघा, ताडपत्री बघा.

खडा धरलाच असेल तर तार नि स्क्रूड्रायव्हर लांब ठेवा. इंजेक्टर काढून कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजत घाला, खडा आपोआप विरघळतो. तासन्‌तास आयडलवर गाडी घुरघुरत ठेवली तरी असाच खडा धरतो, कारण धूर पुरेसा तापत नाही.

शेवटी हिशेब. शंभर लिटर डिझेलला साधारण चार-पाच लिटर युरिया लागतो. महिनाभर लागलाच नाही, तर खूश होऊ नका. कुणीतरी ‘युरिया बंद करून देतो’ म्हणत कॉम्प्युटरला फसवणारी डबी बसवली असेल. ती उपटून काढा. आमच्याकडे प्रत्येक गाडीच्या डायरीत डिझेलशेजारी युरियाचा रकाना आहे, आणि तो मी स्वतः तपासतो.