झटपट एअरलाइन पायलट करणारा महागडा कोर्स: पैसे भरण्यापूर्वी या चुका टाळा

विमान कंपन्यांच्या नावाने चालणाऱ्या, प्रशिक्षणापासून भरतीपर्यंतची वाट एकत्र दाखवणाऱ्या कॅडेट पायलट कार्यक्रमांचा खर्च सध्या एक कोटी रुपयांच्या आसपास जातो आणि काही कार्यक्रम त्याच्याही पुढे जातात. ग्राउंड क्लास, म्हणजे लेखी परीक्षांची शिकवणी, स्वतंत्रपणे करून, देशातल्या एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये २०० तासांचे उड्डाण पूर्ण करून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, घ्यायचे ठरवले तर साधारण पन्नास-साठ लाख रुपये लागतात आणि नोकरीच्या वेळी टाइप रेटिंगसाठी, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या प्रशिक्षणासाठी, आणखी पंधरा ते पंचवीस लाख लागू शकतात. दोन्ही वाटांनी मिळणारा परवाना एकच असतो आणि तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. त्यामुळे वरचे वीस-तीस लाख परवान्यासाठी जात नाहीत. ते विमान कंपनीच्या दाराशी असलेल्या रांगेत आधीपासून जागा मिळावी म्हणून जातात. ती जागा कागदावर किती पक्की आहे, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि नेमका तोच प्रश्न न विचारता पहिला हप्ता भरला जातो.

चूक पहिली: सशर्त पत्राला नियुक्तीपत्र समजणे

निवड झाल्यावर विद्यार्थ्याच्या हाती येते ते बहुतेक वेळा ‘कंडिशनल लेटर ऑफ इंटेंट’ असते. त्यातला ‘कंडिशनल’ हा शब्द घरातल्या प्रत्येकाने नीट वाचावा. अशा पत्रात साधारणपणे असे म्हटलेले असते की, उमेदवाराने प्रशिक्षण ठरलेल्या दर्जाने आणि ठरलेल्या मुदतीत पूर्ण केले, तो वैद्यकीयदृष्ट्या पात्र राहिला, कंपनीच्या अंतिम चाचण्यांत उत्तीर्ण झाला आणि त्या वेळी कंपनीकडे जागा असली, तर त्याचा विचार केला जाईल. या चार अटींपैकी पहिल्या तीन काही अंशी विद्यार्थ्याच्या हाती असतात. चौथी त्याच्या हाती मुळीच नसते, आणि सगळी जोखीम त्या चौथ्या अटीत भरलेली असते.

पैसे भरण्यापूर्वी कराराचा मसुदा मागावा आणि तो हवाई क्षेत्रातले करार पाहिलेल्या वकिलाकडून वाचून घ्यावा. करारावर सही कोणाची आहे, विमान कंपनीची की केवळ प्रशिक्षण संस्थेची, हे सर्वांत आधी पाहावे. जाहिरातीत कंपनीचे बोधचिन्ह मोठे असते, पण करार दुसऱ्याच संस्थेशी असतो. मग पुढे अडचण आली तर दाद मागायची ती त्या संस्थेकडेच. कंपनीने भरती पुढे ढकलली तर कमाल किती महिने थांबायचे, त्या काळात दुसऱ्या कंपनीत अर्ज करता येतो का, एखाद्या टप्प्यावर नापास झाल्यास पुन्हा संधी किती आणि कोणाच्या खर्चाने, मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळते आणि नोकरी लागल्यावर बॉण्ड, म्हणजे कंपनी न सोडण्याची हमी, किती वर्षांचा व किती रकमेचा, या प्रश्नांची उत्तरे लेखी हवीत. समुपदेशकाने फोनवर दिलेला शब्द कितीही गोड असला तरी तो करारात नसेल तर त्याला काही किंमत नाही.

‘देशात पायलटची प्रचंड टंचाई आहे’ हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असते. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी ५०० विमानांची मागणी नोंदवली हे खरे आहे, परंतु अशी विमाने अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने येतात आणि त्यांना उशीरही होतो. शिवाय टंचाई जाणवते ती प्रामुख्याने कॅप्टनची. त्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल, म्हणजे सीपीएलच्या वरच्या, परवान्याला किमान १,५०० तासांचा अनुभव हवा असतो. २०० तासांचा नवा वैमानिक ती जागा भरू शकत नाही. आणि या व्यवसायाची भरती-ओहोटी किती तीव्र आहे हे आपण पाहिलेले आहे. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. मध्यंतरी २०२० च्या साथीत देशांतर्गत प्रवासी वाहतूक दोन महिने पूर्ण बंद होती. एखादी कंपनी बंद पडली की टाइप रेटिंग आणि हजारो तास हाती असलेले वैमानिक एकाच वेळी बाजारात येतात आणि नवख्यांची रांग मागे सरकते. पैसे भरताना जो बाजार दिसतो तोच दोन वर्षांनी परवाना हाती येईल तेव्हा असेल असे धरून चालणे, ही याच चुकीची दुसरी बाजू आहे.

चूक दुसरी: वैद्यकीय तपासणी आणि परीक्षा मागे ठेवणे

व्यावसायिक वैमानिकाला डीजीसीएचे क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्याआधी क्लास टू होते. रंगदृष्टी, ऐकण्याची क्षमता, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी अशा तपासण्यांत काही निघाले तर काही जणांना तात्पुरते आणि काहींना कायमचे अपात्र ठरवले जाते. रंगांधळेपणा तर अनेकांना त्या दिवसापर्यंत ठाऊकच नसतो. एक कोटीच्या निर्णयापुढे ही तपासणी नगण्य खर्चाची आहे, म्हणून ती सर्वांत आधी करून घ्यावी, आणि ‘आधी प्रवेश घ्या, मेडिकल नंतर पाहू’ असे सांगणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे.

परीक्षांचेही तसेच. एअर नॅव्हिगेशन (दिशा व मार्ग), मेटिऑरॉलॉजी (हवामान), एअर रेग्युलेशन्स (हवाई नियम) आणि टेक्निकल (विमानाची तांत्रिक माहिती) हे पेपर ७० टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हावे लागतात. घरी राहून, मुंबई-पुण्यातल्या किंवा ऑनलाइन ग्राउंड क्लासमधून हे विषय काढले तर दोन गोष्टी होतात: फ्लाइंग स्कूलमधला वसतिगृहाचा खर्च वाचतो, आणि या विषयांत आपले मन रमते का हेही मोठी रक्कम गुंतण्याआधीच कळते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित नसलेल्यांनी ते विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून आधी पूर्ण करावेत.

चूक तिसरी: ‘चौदा महिन्यांत परवाना’ यावर विश्वास ठेवणे

सर्वाधिक घरे जिथे अडकतात ती जागा ही आहे, म्हणून येथे थोडा हिशेब करू. समजा एका प्रशिक्षण विमानाचे महिन्याला ७० तास उड्डाण होते. त्या विमानामागे दहा विद्यार्थी असतील तर प्रत्येकाला महिन्याला सात तास मिळतील आणि २०० तासांना अठ्ठावीस महिन्यांहून अधिक लागतील. त्याच विमानामागे पाच विद्यार्थी असतील तर हेच काम साधारण चौदा महिन्यांत होऊ शकते. म्हणजे जाहिरातीतली मुदत खरी की खोटी, हे बहुतांशी एका भागाकारावर ठरते, आणि त्या भागाकाराचे दोन्ही आकडे संस्थेकडे असतात.

हे ७० तास तरी बाराही महिने मिळतात का? बारामती, गोंदिया, धुळे, जळगाव अशा ठिकाणी जून ते सप्टेंबर ढगांची उंची आणि वारा यांमुळे उड्डाणे वारंवार रद्द होतात; हिवाळ्यात सकाळचे धुके असते. लहान विमानांची दर ५० आणि १०० तासांनी तपासणी असते, सुटा भाग परदेशातून यायचा असेल तर विमान हँगरमध्ये आठवडेच्या आठवडे उभे राहते. प्रशिक्षक विमान कंपनीत नोकरीला लागून निघून जातात आणि त्यांची जागा लगेच भरत नाही. विद्यार्थी पहाटे गणवेश चढवून, हवामानाचा अहवाल घेऊन फळ्यावर आपले नाव शोधतो, दुपारपर्यंत थांबतो आणि न उडताच वसतिगृहात परततो. असे दिवस सलग आले की शिकलेले हातही विसरतात आणि मग तीच उड्डाणे पुन्हा करावी लागतात, पुन्हा पैसे भरून.

म्हणून संस्थेला भेट द्यावी, आणि ती वर्गाच्या दिवशी द्यावी, प्रवेशमेळाव्याच्या दिवशी नव्हे. संस्थेकडे विमाने किती आहेत हे विचारू नये. गेल्या महिन्यात प्रत्यक्ष उडाली किती, हे विचारावे. नोंदलेले विद्यार्थी किती, प्रशिक्षक किती, गेल्या वर्षभरात २०० तास पूर्ण करणाऱ्यांना किती महिने लागले, हेही विचारावे, आणि सहा महिन्यांहून अधिक काळ तिथे असलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी प्रशिक्षकांच्या माघारी बोलावे. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून फ्लाइंग स्कूलची श्रेणीनिहाय क्रमवारी जाहीर करायला सुरुवात केली आहे, ती पाहावी. सुरक्षेचा इतिहासही पाहावा: ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात काही दिवसांच्या अंतराने दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाल्यावर डीजीसीएने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबवले होते. असे झाले की चूक कोणाचीही असो, वेळ विद्यार्थ्यांचाच जातो.

तास लवकर भरावेत म्हणून लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, न उडालेले तास लिहिण्याचा मार्ग कोणी सुचवला तर तिथून तत्काळ बाहेर पडावे. या धंद्यात त्याला ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघड झाली तेव्हा वैमानिकांना अटक झाली होती. आणि मागे प्रवासी बसलेले असताना हे न उडालेले तास कोणाच्या जिवावर उठतील, याचा विचारही मनाला चटका लावतो.

चूक चौथी: फी म्हणजेच एकूण खर्च मानणे

माहितीपत्रकातल्या रकमेत काय धरलेले नाही याची यादी मागावी: जादा तास, पुनर्परीक्षा, वसतिगृह, प्रवास, परदेशी प्रशिक्षण असल्यास व्हिसा आणि परतल्यावर परवान्याचे भारतीय परवान्यात रूपांतर, मल्टि-इंजिन (एकाहून अधिक इंजिनांचे विमान) आणि इन्स्ट्रुमेंट (केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण) रेटिंग, आणि मुख्य म्हणजे टाइप रेटिंग. यानंतर कर्जाचा हिशेब करावा. ८० लाखांचे कर्ज ११ टक्के दराने दहा वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे १ लाख १० हजार रुपये येतो. आणि नोकरी एक वर्ष लांबली तर त्या वर्षाचे केवळ व्याजच जवळपास ८ लाख ८० हजार होते. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते, म्हणजे घर, प्लॉट किंवा सातबाऱ्यावर बोजा. माझे स्पष्ट मत असे आहे की, पगार दोन वर्षे उशिरा सुरू झाला तरी हप्ते भरता येतील एवढी सोय नसेल तर राहते घर किंवा कसती जमीन या कार्यक्रमासाठी गहाण टाकू नये. मुलाची गुणवत्ता कितीही असली तरी बाजाराचा फेरा तिला जुमानत नाही.

फी टप्प्याटप्प्याने, उडालेल्या तासांच्या प्रमाणात भरण्याचा आग्रह धरावा. सगळी रक्कम आगाऊ भरल्यास दहा टक्के सवलत देणारी संस्था उद्या बंद पडली तर ती सवलत उरलेल्या नव्वद टक्क्यांसह जाते. आणि नोकरी हाती नसताना स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग करून ठेवू नये. कोणती कंपनी कोणत्या विमानासाठी भरती करील हे आधी सांगता येत नाही, आणि सराव राहिला नाही की त्या रेटिंगला फारसा अर्थ राहत नाही.

मग हा कार्यक्रम घ्यावा कधी?

विमान कंपनी स्वतः करारात पक्षकार असेल, टाइप रेटिंग फीमध्ये धरलेले असेल, फी टप्प्यांत असेल, विमानामागे विद्यार्थी कमी असतील आणि घराला दोन वर्षांचा उशीर सोसवत असेल, तर वरचे वीस-तीस लाख मोजणे मला योग्य वाटते. कारण २०० तासांच्या हजारो परवानाधारकांच्या गर्दीत वेगळी भरती-वाट मिळणे ही खरोखर मोठी गोष्ट आहे. यांतली एकही गोष्ट ढिली असेल तर टप्प्याटप्प्याची वाट धरावी: आधी मेडिकल, मग पेपर, मग चांगली फ्लाइंग स्कूल. सोबत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणाहून पदवी चालू ठेवावी.

पैसे भरून झाले आहेत आणि उड्डाण थांबले आहे, अशांसाठी

वाट पाहत बसण्यापेक्षा आजवरच्या तासांची लॉगबुकातली प्रत्येक नोंद प्रशिक्षकाच्या सहीने पूर्ण करून घ्यावी आणि संस्थेकडून तासांचा प्रमाणित उतारा मागावा. दुसऱ्या संस्थेत तास पुढे नेताना त्यावाचून अडते. क्लास वन प्रमाणपत्र आणि उत्तीर्ण विषय यांच्या मुदती तपासून नूतनीकरणाची तारीख ठरवावी. संस्थेशी यापुढचा सगळा व्यवहार ईमेलने करावा, उरलेल्या रकमेचा तपशील लेखी मागावा आणि उत्तर न आल्यास डीजीसीएकडे तक्रार नोंदवावी. बँकेलाही हप्ता थकण्यापूर्वीच कळवावे, कारण प्रशिक्षण लांबल्याचे संस्थेचे पत्र हाती असेल तर परतफेडीची सुरुवात पुढे ढकलण्याची विनंती करता येते. हप्ता थकल्यानंतर तीच विनंती फार अवघड होते.