टेबलावरून नेम साधताना पिशव्यांचा आधार

टेबलावर रायफल टेकवून नेमबाजी करताना पुढची वाळूची पिशवी दस्त्याच्या (नळी ज्यावर बसवलेली असते त्या भागाच्या) पुढच्या भागाखाली असावी, नळीखाली कधीही नसावी. कारण गोळी सुटताना नळी कंप पावते आणि त्या वेळी तिला आधाराचा स्पर्श झाला, तर गोळी लागण्याची जागा बदलते. रायफलच्या पट्ट्याची कडी पिशवीत अडकत नाही ना, हेही पाहावे. उंचीतला बारीक फरक मात्र दस्त्याच्या मागच्या टोकाखालच्या पिशवीनेच साधावा: चाप न ओढणाऱ्या हाताने ती मुठीत किंचित आवळली, की दस्त्याचे मागचे टोक उचलले जाते आणि नेम खाली येतो. नेम स्थिरावल्यावर, चापावर बोट न ठेवता (हे सांगायला नकोच), क्षणभर डोळे मिटून उघडावेत; तो सरकलेला दिसल्यास रायफल जोर लावून न वळवता बैठक आणि पिशव्याच नीट कराव्यात.