रक्ततपासणीआधी मागचा रिपोर्ट शोधून ठेवा

गेल्या वेळी मी वेळेवर आणि उपाशीपोटी जाऊन चौदा तपासण्यांच्या पॅनेलसाठी (कॉम्प्रिहेन्सिव्ह मेटाबॉलिक पॅनेल) रक्त दिले, आणि रिपोर्टमधल्या एकाही आकड्यापुढे तारा, म्हणजे मर्यादेबाहेरची खूण, नाही हे पाहून निश्चिंत झालो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) १.२ होते आणि शेजारच्या रकान्यात ०.७ ते १.३ असे छापलेले होते. सहा महिन्यांनी कपाटातल्या फाइलीत आदल्या वर्षीचा कागद सापडला, त्यावर हाच आकडा ०.८ होता. दोन्ही कागद शेजारी ठेवले असते तर डॉक्टरांनी मूत्रपिंडाची चौकशी त्याच दिवशी सुरू केली असती. म्हणून तयारीची सुरुवात मागचा रिपोर्ट शोधण्यापासून करावी.

आठ ते बारा तासांचा उपास बहुतेकांना माहीत असतो. पाणी मात्र बंद करू नका, कारण शरीरातले पाणी कमी झाले की युरिया (आणखी एक टाकाऊ पदार्थ) आणि अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) उगाच वाढलेले दिसतात. आदल्या दिवशी जबर व्यायाम नको. चालू औषधांची यादी जवळ ठेवा, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्यांची, कारण त्यांतल्या काही पोटॅशियम वाढवतात आणि काही कमी करतात; परंतु डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नका. दंडाला पट्टा बांधल्यावर शीर फुगावी म्हणून अनेक जण मुठीची सारखी उघडझाप करतात. ती करू नका. त्या हालचालीने स्नायूंतले पोटॅशियम रक्तात उतरते आणि नमुन्यात ते खोटेच वाढलेले येते. आणि मागचा रिपोर्ट पिशवीत आहे ना, हे घरातून निघण्यापूर्वी पाहा.

रिपोर्टवर छापलेली मर्यादा साधारणपणे अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के लोक तिच्यात बसावेत. त्यामुळे चौदा तपासण्यांत एखादा आकडा किंचित बाहेर गेला म्हणून घाबरू नये, आणि सगळे आत आहेत म्हणून काहीच बदललेले नाही असेही समजू नये. तुमचा नेहमीचा आकडा कोणता, हे मागच्या रिपोर्टशिवाय कोणालाही सांगता येत नाही. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा अधिक आली तरी लक्षणे नसतील तर मधुमेहाचे निदान दुसऱ्या तपासणीने पक्के करतात. ईजीएफआर (मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात त्याचा अंदाज) ६० च्या खाली आला तर तो तीन महिन्यांहून अधिक काळ तसाच आहे का, हे पाहूनच जुनाट मूत्रपिंडविकार ठरवतात. दोन्हीकडे एकटा कागद अपुरा पडतो. म्हणून पुन्हा सांगतो, मागचा रिपोर्ट न्या.

तुलना करण्यापूर्वी तपासणीचे नाव आणि एकके पाहा: एका कागदावर युरिया आणि दुसऱ्यावर बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन) असेल आणि दोन्ही मिलिग्रॅममध्ये असतील, तर बीयूएनला २.१४ ने गुणावे लागते. शक्यतो लॅब तीच ठेवा.

बाकीचे थोडक्यात. कॅल्शियम कमी दिसले तर आधी अल्ब्युमिन पाहा, कारण रक्तातले बरेचसे कॅल्शियम त्याला चिकटलेले असते. यकृताचे आकडे सुटे न वाचता एकत्र दाखवा. पोटॅशियम ६ च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. नवा रिपोर्ट तारखेच्या क्रमाने फाइलीत लावा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.