टेस्ट डेव्हलपमेंटमध्ये यायचंय? मग बायस ओळखायला आधी शिका

शाळेच्या मोठ्या प्रमाणित परीक्षांचे प्रश्न लिहिणं, तपासणं, त्यांचा डेटा बघणं या कामात यायचंय असं म्हणणारे आता बरेच जण भेटतात, काही शिक्षक असतात, काही स्टॅटिस्टिक्स केलेले, काही सायकॉलॉजीवाले, आणि जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा असतो की आर शिकू का पायथन. जे जमेल ते शिका, ते कामावर आल्यावर पण होतं. मी लिहितेय ते वेगळ्या गोष्टीबद्दल, की एखादा प्रश्न काही मुलांवर अन्याय करतोय हे ओळखायचं कसं, कारण कोर्समध्ये हा भाग एका लेक्चरमध्ये उरकतात आणि कामावर आल्यावर रोज समोर येतो तो हाच.

एक प्रश्न बघा. पूर्णांकांची वजाबाकी येते का हे तपासायचं होतं. "लिफ्ट उणे 2 या मजल्यावरून निघाली आणि 5 व्या मजल्यावर थांबली, तर ती किती मजले वर गेली?" पर्याय 3, 5, 7, 8. कागदावर एकदम स्वच्छ, रिव्ह्यू मीटिंगमध्ये कोणाची काही हरकत नाही. मग थिंक-अलाउड केलं, म्हणजे एकेका मुलाला शांत जागी बसवायचं आणि प्रश्न सोडवताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं, आपण मधे बोलायचं नाही. एक मुलगी पहिल्याच ओळीला अडकली. म्हणाली, मजला उणे कसा असेल, जमिनीच्या खाली कोण राहतं? थोडा वेळ विचार करून तिने ठरवलं की ती उण्याची रेघ छापताना चुकून पडलीय, आणि 5 मधून 2 वजा करून 3 वर खूण केली. नंतर तिलाच कोऱ्या कागदावर संख्यारेषा काढून दिली आणि उणे 2 पासून 5 किती घरं लांब विचारलं, तर न मोजता 7 म्हणाली.

आता यात गंमत नाही, काळजीची गोष्ट आहे, कारण 3 हा पर्याय आम्ही मुद्दाम ठेवलेला असतो, चिन्हाकडे दुर्लक्ष करणारी मुलं पकडायला. म्हणजे रिपोर्टमध्ये त्या मुलीच्या नावापुढे येणार की हिला ऋण संख्या कळत नाहीत, शिक्षक तिला पुन्हा ऋण संख्या शिकवणार, आणि तिला त्या आधीपासून येतायत. तिला काय येत नव्हतं तर तळघरात पार्किंग असलेल्या बिल्डिंगच्या लिफ्टचं बटण. आमच्या भाषेत याला कन्स्ट्रक्टशी संबंध नसलेला फरक म्हणतात, साध्या शब्दांत जे मोजायचं नव्हतं तेच मोजलं गेलं. या क्षेत्रात बायस म्हणजे मुख्यतः हे. प्रश्नात कोणाचा अपमान करणारा शब्द असणं हा वेगळा दोष, तो दिसतो तरी, हा दिसत नाही.

हे किती जुनं आहे ते माहीत असायला हवं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सैन्यात भरती झालेल्या साधारण साडेसतरा लाख लोकांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली, वाचता येणाऱ्यांना आर्मी अल्फा आणि निरक्षर किंवा इंग्रजी न येणाऱ्यांना चित्रांची आर्मी बीटा. अल्फामध्ये विचारलं होतं की क्रिस्को हे काय आहे, औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ, उत्तर खाद्यपदार्थ. किंवा क्रिस्टी मॅथ्यूसन कशासाठी प्रसिद्ध आहे, उत्तर बेसबॉल. बीटामध्ये शब्द नाहीत म्हणून ती सगळ्यांना सारखी असं मानलं गेलं, पण चित्रात काय राहिलंय ते ओळखायचं होतं आणि राहिलेलं काय तर टेनिस कोर्टची जाळी, घराचं धुराडं. युरोपातल्या कुठल्या तरी खेड्यातून जहाजाने नुकत्याच उतरलेल्या माणसाला हे विचारायचं आणि त्याला बुद्धिमत्ता म्हणायचं. कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाने 1923 मध्ये याच डेटावर पुस्तक लिहिलं. त्यात दिसत होतं की अमेरिकेत जितकी जास्त वर्षं राहिलेला माणूस तितका स्कोअर चांगला, ज्याचा सरळ अर्थ असा की चाचणी अमेरिकेची ओळख मोजतेय, पण त्यांनी अर्थ काढला की अलीकडे येणारे लोकच कमी कुवतीचे आहेत. हेच ब्रिगम 1926 च्या पहिल्या एसएटीमागे, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेमागे होते. 1930 मध्ये त्यांनी स्वतःचे निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले, पण तोवर बाहेरून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घालणारा 1924 चा इमिग्रेशन कायदा होऊन गेला होता. आकडे बरोबर असून निष्कर्ष चुकतो तो असा, आणि चाचणीत चित्रं घातली आणि शब्द काढले की ती निष्पक्ष होते या समजुतीला मी म्हणूनच घाबरते.

मग नवीन लोक म्हणतात, ठीक आहे, आपण प्रश्न नीट वाचू आणि बायस असलेले काढून टाकू. वाचायलाच हवेत, पण नुसत्या नजरेवर विसंबू नका. 1980 मध्ये शिकागोत एक केस झाली, कृष्णवर्णीय मुलांना आयक्यू टेस्टच्या आधारे मंदगती वर्गात घालण्याविरुद्धची, आणि न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी टेस्टमधले प्रश्न स्वतः एकेक वाचून ठरवलं की वेक्सलरच्या चाचण्यांमधले आठ आणि स्टॅनफर्ड-बिनेमधला एक एवढेच संशयास्पद, बाकी ठीक, म्हणून टेस्ट वापरायला हरकत नाही. त्या आठमध्ये एक होता की तुझ्यापेक्षा खूप लहान मूल तुझ्याशी भांडायला आलं तर काय करायचं. फक्त ग्रेडीच नाही, बऱ्याच अभ्यासकांनाही तो प्रश्न कृष्णवर्णीय मुलांवर अन्याय करणारा वाटत होता, वाचल्यावर वाटतोच, पण उत्तरांचा डेटा तपासला गेला तेव्हा तो त्या मुलांना बाकी प्रश्नांच्या तुलनेत अवघड गेलेला दिसला नाही. एक शहाणा माणूस टेबलाशी बसून वाचतो आणि त्याला जे खटकतं ते एक, मुलांना खटकतं ते दुसरंच. आणि उलटही होतं, वरच्या लिफ्टवर कोणालाच काही खटकलं नव्हतं.

बरं, मग डेटावरच सोडू का? इथे पण एक सापळा आहे आणि नवीन माणूस त्यात पडतोच म्हणून सविस्तर सांगते. सगळ्यात सोपा विचार असा की एका गटातली 70 टक्के मुलं बरोबर आणि दुसऱ्यातली 50 टक्के, म्हणजे प्रश्न बायस्ड. 1984 मध्ये ईटीएस ही परीक्षा बनवणारी अमेरिकन संस्था आणि गोल्डन रूल नावाची विमा कंपनी यांच्यात कोर्टाबाहेर तडजोड झाली, विषय विमा एजंटच्या लायसन्स परीक्षेचा होता, आणि तिच्यात साधारण हाच नियम आला की ज्या प्रश्नांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय उमेदवारांतला फरक 15 टक्क्यांच्या आत आहे ते आधी वापरायचे. तीनच वर्षांनी ईटीएसच्या अध्यक्षांनी ही तडजोड चूक होती असं म्हटलं. चूक का, तर एका गटाला वर्षानुवर्षं वाईट शाळा मिळाल्या असतील तर चांगल्या, प्रामाणिक प्रश्नातही फरक दिसणार आणि दिसायलाच हवा. तो प्रश्न काढून टाकला की फरक कागदावरून जातो आणि शाळा तशीच राहते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण टेस्ट गोड करून अन्याय झाकणं हाही अन्यायच.

म्हणून डिफ बघतात, पूर्ण नाव डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग, पण ऑफिसात सगळे डिफच म्हणतात. कल्पना सोपी आहे. एकूण 18 मार्क मिळालेली या गटातली मुलं आणि 18 मार्क मिळालेली त्या गटातली मुलं शेजारी ठेवायची आणि बघायचं की हा एक प्रश्न दोघांना सारखाच जातो का, मग 19 वाली, मग 20 वाली, आणि सगळ्या पातळ्यांचं मिळून एक उत्तर काढायचं. त्यासाठीची मँटेल-हेन्झेल पद्धत मुळात 1959 मध्ये रोगांच्या अभ्यासासाठी आली होती, हॉलंड आणि थेअर यांनी 1988 मध्ये ती प्रश्नांना लावून दाखवली. निकाल ए, बी, सी असे येतात, ए म्हणजे दुर्लक्ष करण्याइतका फरक, सी म्हणजे थांबा आणि बघा. पण लक्षात घ्या, सी आला म्हणजे बायस सिद्ध झाला असं नाही, प्रश्न वेगळा वागतोय एवढंच, का ते आकडा सांगत नाही. आणि सगळी टेस्टच एका बाजूला कललेली असेल तर ज्या एकूण मार्कांवर तुम्ही मुलं जुळवली ते मार्कच कललेले, मग डिफला काही दिसणार नाही. शिवाय छोट्या गटांत, चाळीस-पन्नास मुलं असतील तर, आकडा तुम्हाला काहीच खात्रीने सांगत नाही आणि नेमके तेच गट असतात ज्यांची काळजी सगळ्यात जास्त करायला हवी. तिथे थिंक-अलाउड हाच आधार, म्हणून ते बजेटमधून कापायला निघाले की मी भांडते, तुम्हीही भांडा.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. लिफ्टचा प्रश्न ऐकून बहुतेक जण म्हणतात की मग संदर्भच काढून टाका, नुसतं 5 - (-2) द्या, सगळ्यांना सारखं. इतकं सोपं नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात कॅराहर पती-पत्नी आणि श्लिमन यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांबरोबर काम केलं, 1985 मध्ये छापून आलंय, मुलं पाचच होती पण जे दिसलं ते विसरता येत नाही. बारा वर्षांचा मुलगा नारळ विकतोय, एक 35 क्रुझेरोला. चार नारळांचे किती विचारल्यावर म्हणतो तीनचे 105, अधिक 30, 135, एक नारळ 35 चा, म्हणजे 140. त्यालाच नंतर कागदावर 35 गुणिले 4 दिलं, तर त्याने 200 लिहिलं, 4 पंचे 20, हातचे 2, 2 आणि 3 पाच, पाच चोक 20, त्यापुढे शून्य. पाचही मुलांचं मिळून बाजारात 98 टक्के उत्तरं बरोबर आणि नुसत्या संख्यांच्या गणितात साधारण 37 टक्के. म्हणजे संदर्भ नसलेला प्रश्न हा सुद्धा एका प्रकारच्या मुलाच्या सोयीचा प्रश्न आहे, जे मूल वहीवरच गणित शिकलंय त्याच्या. तटस्थ प्रश्न असा नसतोच. आपल्या हातात एवढंच असतं की एकाच जगातले संदर्भ पूर्ण पेपरभर येऊ द्यायचे नाहीत, वाटून द्यायचे, आणि जो संदर्भ सगळ्यांना माहीत नसेल तो प्रश्नातच एका वाक्यात सांगून टाकायचा. लिफ्टचं आम्ही तेच केलं, जमिनीखाली दोन मजले आहेत, त्यांना उणे 1 आणि उणे 2 असे नंबर दिलेत, आणि बाजूला साधं चित्र. वाचायचं थोडं वाढलं, त्यावरही वाद झाला कारण वाचन कच्चं असलेल्या मुलांवर त्याचा भार पडतो, तो मुद्दा बरोबर होता म्हणून वाक्यं आणखी तोडली.

सुरुवात करणाऱ्यांनी वाचायचं काय, तर एईआरए, एपीए आणि एनसीएमई या तीन अमेरिकन संस्थांची मिळून परीक्षांसाठीची 2014 ची स्टँडर्ड्स, मोफत मिळतात, त्यात फेअरनेसचा चॅप्टर व्हॅलिडिटी आणि रिलायबिलिटीच्या जोडीला पायाभूत भागात आहे, तो आधी वाचा. भाषांतरित परीक्षांवर काम करायचं असेल तर आयटीसीच्या, म्हणजे इंटरनॅशनल टेस्ट कमिशनच्या गाइडलाइन्स. स्टॅटिस्टिक्समध्ये लॉजिस्टिक रिग्रेशन आणि आयटम रिस्पॉन्स थिअरी पक्की करा, बाकी होत राहतं.

आणि एक, प्रश्न कितीही घासूनपुसून घेतले तरी त्या मार्कांचं पुढे काय होणार हे विचारायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. कॅलिफोर्नियातल्या लॅरी पी. केसमध्ये 1979 मध्ये कोर्टाने कृष्णवर्णीय मुलांना मंदगती वर्गात टाकण्यासाठी आयक्यू टेस्ट वापरायला बंदी केली, वर सांगितलेल्या शिकागोच्या बरोबर उलटा निकाल, आणि तिथे वाद प्रश्नांइतकाच त्या वर्गांचा होता, तिथून मूल परत नेहमीच्या शिक्षणात येणं जवळजवळ अशक्य होतं. मदत कोणाला हवी हे शोधायला बनवलेली टेस्ट कोणाला बाहेर काढायचं यासाठी वापरली की तीच टेस्ट अन्याय करायला लागते, एक शब्दही न बदलता. मार्क कशासाठी वापरायचे हे जिथे ठरतं त्या मीटिंगांना नवीन माणसाला सहसा बोलवत नाहीत. मागून जा, नोट्स घ्यायला येते म्हणा.

इंटरव्ह्यूला येताना सर्टिफिकेटं आणाच, पण सोबत स्वतः लिहिलेला एक प्रश्न आणा, त्याचं पहिलं रूप, वेगवेगळ्या घरांतली चार-पाच मुलं तो सोडवताना नेमकं काय बोलली त्याची नोंद, आणि त्यावरून बदललेलं रूप. मी ज्यांच्या मुलाखती घेते त्यांची फाइल तिथूनच उघडते.