परभणीत टेक्नो पार्टी करायची तर

टेक्नो म्हणजे मशीनवर बनवलेलं, एकसारख्या ठोक्यांवर नाचायचं संगीत. त्यासाठी हंगाम संपलेलं कापसाच्या जिनिंगचं शेड बघा. सरकीचा धुरळा दोनदा झाडून घ्या. आत बिडीसुद्धा पेटू द्यायची नाही. रात्री १० नंतर लाऊडस्पीकरला बंदी, म्हणून आम्ही संध्याकाळी ५ लाच सुरू करतो. सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, फरशीवरच ठेवा, संगीताचा वेग मिनिटाला १३० ठोके.

दारावर फक्त नाव लिहून घ्यायचं, आडनाव नाही. यावर मी अडून बसते. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय पोरांनी हे संगीत घडवलं. आमच्याकडं आडनावावरून माणूस तोलतात, शेडात तेवढं तरी थांबतं.

बर्लिनच्या क्लबांसारखं फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावा. एक व्हिडिओ गावी पोचला आणि माझ्या मैत्रिणीचं कॉलेज सुटलं.

माठ चार तरी भरा. मुलींसाठी ओळखीचा रिक्षावाला आधीच सांगून ठेवा.