घरी पोल बसवताय? आधी फरशी वाजवा

पोल डान्सचा पोल मागवायच्या आधी, त्याचे उंच टाचांचे बूट बघायच्याही आधी, एक रुपयाचं नाणं घ्या आणि फरशी वाजवा. ज्या टाइलवर पोलचं बूड बसणार ती, आणि तिच्या चारी बाजूंच्याही. भरीव टाइलचा आवाज टणक, बारीक येतो. खाली सिमेंट नीट भरलेलं नसलं तर ढब्ब येतो, कोपऱ्यांना जास्तच. मागच्या खेपेला माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. स्लॅब बघितली, उंची मोजली, मॅट आणली आणि फरशी चकचकीत आहे म्हणून तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. पोल आवळताना बुडाखालची टाइल कर्रकन तडकली आणि पोल ढिला होऊन हातात आला. त्यावर कुणी चढलेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून नको वाटतो.

छताला भोकं न पाडता बसवायचा पोल नुसत्या दाबावर उभा असतो. बुडाचा स्क्रू फिरवला की तो लांब होतो, वर स्लॅबला रेटतो आणि खाली फरशीला. हा सगळा रेटा बुडाच्या बशीएवढ्या जागेवर येतो. पोकळ टाइल तो पेलत नाही. लगेच फुटली तर सुटलात म्हणायचं, कारण न फुटता थोडी थोडी खचणारी टाइल जास्त वाईट. आज घट्ट वाटलेला पोल चार दिवसांनी हलायला लागतो. जुन्या कोब्यावर किंवा शहाबादीवर वरून टाइल चिकटवून घेतली असेल, तर दोनदा वाजवा. पोकळ निघाली तर पोलची जागा बदला, नाहीतर टाइल काढून खाली माल भरून घ्या. वरून लोखंडी पत्रा टाकून भागत नाही, पोकळी तशीच राहते. भाड्याचं घर असेल तर सरळ विचारा, "काकू, हॉलातली एक टाइल पोकळ वाजालीय, मिस्त्रीला बोलावू काय?" तडकल्यावर सांगण्यापेक्षा ते बरं.

वर सिमेंटची स्लॅबच हवी. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला पोल टेकवायचा नाही. आमच्या बेळगावात म्हणायचं तर, खानापूरकडच्या कौलारू घरात किंवा शहापुरातल्या जुन्या घराच्या लाकडी माळ्याखाली दाबाचा पोल लावूच नका. उंची टेपनं त्याच जागी मोजा: बऱ्याच पोलचा मूळ संच नऊ फुटांच्या आसपास संपतो, दहा फुटी स्लॅबला एक्स्टेंशन लागतं. पोलचा व्यास 45 मिलिमीटर घ्या. आणि उद्यमबागेच्या कारखान्यांत कुणी ओळखीचा आहे म्हणून रेलिंगच्या पाइपचा पोल करून आणू नका. तिथले कारागीर उत्तमच आहेत, पण रेलिंगचा पाइप टेकायला केलेला असतो, माणूस उलटा लटकायला नव्हे.

आता मॅट. पोलच्या बुडाखाली मॅट, सतरंजी, रबर, काहीही घालायचं नाही. बूड थेट फरशीवर. मॅट भोवती येते. पोलभोवती बसणारी, मधून चिरलेली, साधारण दहा सेंटिमीटर जाडीची क्रॅश मॅट चढण्या-उलटण्याच्या सरावाला लागतेच. मुलांच्या खोलीत अंथरतात ते जोडायचे फोमचे तुकडे ही क्रॅश मॅट नव्हे. त्यावर पडलं तर लागतं, आणि हील घालून उभं राहिलं तर टाच रुतते व घोटा मुरगळतो. म्हणून माझा नियम साधा आहे. चढायचं, उलटायचं तर अनवाणी, मॅटवर. हील घालून चालायचं, फिरायचं, बसून उठायचं तर मॅट बाजूला करून उघड्या फरशीवर. मोजे कधीच नाहीत.

बुटांची घाई करू नका, अनवाणी पायांत ताकद येऊ द्या. घ्याल तेव्हा उंचीच्या आकड्याला घाबरू नका. सहा इंची हीलला पुढे पावणेदोन इंचाचा प्लॅटफॉर्म असतो, सात इंचीला पावणेतीनचा, म्हणजे पायाचा चढ दोन्हींत सारखा, सव्वाचार इंच. आठ इंचीला पुढे चार इंच असतात, पण जमिनीपासून इतकं वर गेल्यावर तोल वेगळाच. पहिला जोड सहाचा किंवा सातचा, घोट्याला पट्टा असलेला. चकचकीत पेटंट लेदरचा बूट पोलला धरतो, मखमली घसरतो. बूट जड असतात, पाय फिरवून खाली आपटला की सगळा भार टाचेच्या टोकावर येतो. म्हणून परत सांगते, फक्त बुडाखालची नव्हे, पाय पसरून टाच जिथवर पोचते तिथवरची प्रत्येक टाइल वाजवा.

बेळगावचा पावसाळा विसरू नका. जून ते सप्टेंबर टाइलला ओल सुटते, दिसत नाही पण तळवा चिकटतो आणि हील सटकते. फरशी, बुटाचे तळवे आणि पोल, तिन्ही कोरडे पुसून मगच सुरुवात. मल्लखांबाला एरंडेल लावतात; इथे अंगालाही तेल नको, क्रीम नको.

बाकी भरभर. गुडघ्याला पॅड. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. पोल स्पिरिटनं पुसा. लेव्हल लावून सरळ आहे का बघा, दर वेळी हलवून बघा, ढिला असेल तर आवळा. पंखा, कपाटाची कड, टीव्ही पायाच्या टप्प्यात नकोत. घरात कुणीतरी असू द्या. घर बदललं तर नव्या घरची फरशी नव्यानं वाजवा. पावसात बूट बंद खोक्यात ठेवू नका, बुरशी धरते; कापडी पिशवीत, कपाटाबाहेर.